डिस्क भरली की कप्पा? ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना येणारी जागेची अडचण

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम नव्या आवृत्तीत नेत असताना ‘डिस्कवर पुरेशी जागा नाही’ असा संदेश येऊन काम अर्ध्यावर थांबणे, ही जुनी आणि सर्वत्र आढळणारी अडचण आहे. संदेश दिसताच बहुतेक जण हाताला लागतील त्या फायली पुसू लागतात. छायाचित्रे जातात, कागदपत्रे जातात आणि संदेश मात्र तसाच राहतो. याचे कारण असे की, पुष्कळदा संपूर्ण डिस्क भरलेली नसते. भरलेला असतो तो तिच्यातील एखादा लहानसा कप्पा. तो कप्पा कोणता हे आधी ओळखले आणि काहीही पुसण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवली, तर ही अडचण सहसा नुकसान न होता सुटते.

एका डिस्कवर दोन प्रणाली

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूर हे तालुक्याचे गाव आहे. महालिंगस्वामींच्या मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे. मराठी वाचकांच्या दृष्टीने त्याची आणखी एक ओळख म्हणजे, तंजावरचे मराठा राजे अमरसिंह १७९८ मध्ये गादीवरून दूर झाल्यानंतर येथेच वास्तव्यास आले. तमिळनाडूतील अशा लहानमोठ्या गावांत संगणक मोठ्या संख्येने पोहोचला तो राज्य शासनाच्या विनामूल्य लॅपटॉप योजनेतून. शासकीय आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी ही योजना १५ सप्टेंबर २०११ रोजी सुरू झाली.

या लॅपटॉपचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहे. त्यांच्या एकाच डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसविलेल्या होत्या: एक मायक्रोसॉफ्टची विंडोज आणि दुसरी ‘बॉस लिनक्स’. बॉस म्हणजे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजेच सी-डॅकच्या, चेन्नई येथील केंद्राने ती विकसित केली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीवर आधारलेल्या बॉसमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

दोन प्रणाली एका डिस्कवर नांदायच्या, तर डिस्कचे कप्पे पाडावे लागतात. या कप्प्याला संगणकाच्या परिभाषेत पार्टिशन म्हणतात. विंडोजला लिनक्सचे कप्पे आपल्या नेहमीच्या यादीत दाखविता येत नाहीत. त्यामुळे ३२० गीगाबाइटची डिस्क असूनही विंडोजमध्ये पाहिल्यास ती बरीच लहान दिसते. त्यातच मोजणीच्या पद्धतीची भर पडते. डिस्कचे उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत. म्हणून ३२० गीगाबाइटची डिस्क विंडोजमध्ये सुमारे २९८, तर ६४ गीगाबाइटची सुमारे ५९ गीगाबाइट एवढीच भरते. ही जागा कोणी ‘खाल्लेली’ नसते. ती केवळ निराळ्या मापाने मोजलेली असते.

महाराष्ट्रातील संगणकांवर दुसरी प्रणाली क्वचितच असते. परंतु कप्पे तेथेही असतातच. सुटे भाग जोडून संगणक तयार करणारे स्थानिक विक्रेते डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देत आले आहेत. सी ड्राइव्ह प्रणालीसाठी, डी आणि ई स्वतःच्या फायलींसाठी, अशी ही वाटणी. ती करताना सी ड्राइव्हला जेमतेम जागा दिलेली असते. काही वर्षांनी नवी आवृत्ती येते, सी ड्राइव्ह अपुरा पडतो आणि शेजारचा डी ड्राइव्ह अर्धा रिकामा असूनही संगणक ‘जागा नाही’ असे म्हणू लागतो.

जागा दुप्पट का लागते

नवी आवृत्ती दहा गीगाबाइटची असेल तर दहा गीगाबाइट मोकळे असले की पुरे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. नव्या प्रणालीच्या फायली प्रथम संक्षिप्त रूपात उतरवून घेतल्या जातात. नंतर त्या उलगडल्या जातात. त्यानंतर नवी प्रणाली मांडली जाते आणि एवढा सर्व वेळ जुनी प्रणालीही जागेवर असते, कारण काही बिघडल्यास तिच्याकडे परतावे लागते. घर बदलताना काही दिवस दोन्ही घरांचे भाडे भरावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

विंडोज १० आणि ११ मध्ये जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये साधारणपणे दहा दिवस ठेवली जाते आणि नंतर आपोआप काढली जाते. म्हणजे अद्ययावतीकरण यशस्वी झाल्यावरही काही दिवस जागा कमीच दिसते. त्यात काळजीचे कारण नसते.

किमान आवश्यकताही वर्षागणिक वाढत गेल्या आहेत. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा तिच्या ६४ बिट प्रकारासाठी २० गीगाबाइट जागा सांगितली होती. मे २०१९ च्या आवृत्तीपासून हा आकडा ३२ गीगाबाइट झाला. त्याच आवृत्तीपासून नव्या संगणकांवर सुमारे सात गीगाबाइट जागा पुढील अद्ययावतीकरणासाठी राखून ठेवण्याची व्यवस्थाही आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी किमान ६४ गीगाबाइट लागतात. केवळ ३२ गीगाबाइटची अंगभूत साठवण असलेले स्वस्त लॅपटॉप या वाढीत सर्वांत आधी अडचणीत आले.

मोबाइल फोनही याला अपवाद नाहीत. सप्टेंबर २०१४ मध्ये अ‍ॅपलने आयओएस ८ प्रसृत केली, तेव्हा फोनवरूनच ती बसविण्यासाठी सुमारे पाच गीगाबाइट मोकळी जागा लागत होती. १६ गीगाबाइटचे फोन वापरणाऱ्या असंख्य ग्राहकांकडे ती नव्हती. पुढील वर्षी आयओएस ९ साठी ही गरज १.३ गीगाबाइटवर आणण्यात आली. अँड्रॉइडने २०१६ मधील सातव्या आवृत्तीपासून वेगळा मार्ग उपलब्ध केला. प्रणालीच्या दोन प्रती ठेवायच्या, एक चालू असताना दुसरी अद्ययावत करायची आणि फोन पुन्हा सुरू होताना नव्या प्रतीकडे वळायचे.

संदेश काय सांगतो, काय सांगत नाही

विंडोज अद्ययावत होताना ८००७००७० या आकड्यांनी शेवट होणारा संकेतांक दिसला, तर त्याचा अर्थ निःसंदिग्धपणे ‘जागा अपुरी’ असा आहे. त्यातील शेवटचे ७० हे षोडशमान पद्धतीतील असून दशमान पद्धतीत ते ११२ होतात. विंडोजच्या यादीत ११२ हा ‘डिस्क भरली’ या त्रुटीचा क्रमांक आहे. लिनक्समध्ये याच त्रुटीचा क्रमांक २८ असून ‘साधनावर जागा शिल्लक नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो.

काही वेळा मात्र ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन’ अद्ययावत करता आले नाही, असा संदेश येतो. हा संगणक सुरू करून देणाऱ्या फायलींचा स्वतंत्र, दृष्टिआड असलेला कप्पा आहे. विंडोज ७ तो केवळ १०० मेगाबाइटचा करीत असे. काही विषाणूरोधक कार्यक्रमही आपली नोंद त्यात करतात आणि तो भरून जातो. अशा वेळी सी ड्राइव्हवर शंभर गीगाबाइट मोकळे असले तरी उपयोग होत नाही. सी ड्राइव्हवरील छायाचित्रे पुसून हा कप्पा एका बाइटनेही रिकामा होत नाही.

उलट प्रकारही घडतो. ९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी दिलेले एक सुरक्षा अद्ययावतीकरण अनेक संगणकांवर बसेना. येणारा संकेतांक केवळ ‘स्थापना अयशस्वी’ एवढाच अर्थ सांगणारा होता. त्यात जागेचा उल्लेखही नव्हता. प्रत्यक्षात पुनर्प्राप्तीसाठी राखलेल्या कप्प्यात २५० मेगाबाइट मोकळी जागा नसणे हे कारण होते. तो कप्पा हाताने वाढविण्याची पद्धत कंपनीला प्रसिद्ध करावी लागली. तात्पर्य, संदेश हा तपासाचा आरंभ मानावा, निष्कर्ष नव्हे.

निदानाचा क्रम

अडचण आल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. संदेश आणि संकेतांक जसाच्या तसा कागदावर लिहून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो परत दिसेलच असे नाही.

२. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरील डिस्कवर, पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर ठेवावी. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे. डिस्क बिघडली तर दोन्ही कप्पे एकदमच जातात.

३. कप्प्यांची संपूर्ण यादी पाहावी. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनात अक्षर नसलेले कप्पेही दिसतात. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून ‘डीएफ’ ही आज्ञा ‘एच’ या पर्यायासह दिल्यास प्रत्येक कप्पा किती भरला आहे ते टक्केवारीसह कळते.

४. कोणता कप्पा भरला आहे ते ठरवावे. प्रणालीचा, सुरुवातीच्या फायलींचा, पुनर्प्राप्तीचा की स्वतःच्या फायलींचा, यावर उपाय अवलंबून आहे.

५. त्यानंतरच त्या कप्प्यापुरती सफाई करावी आणि अद्ययावतीकरण पुन्हा सुरू करावे.

विंडोजवरील उपाय

सी ड्राइव्ह भरला असल्यास ‘डिस्क क्लीनअप’ हे साधन उघडून त्यातील प्रणालीच्या फायली साफ करण्याचा पर्याय निवडावा. जुन्या अद्ययावतीकरणाचे अवशेष, तात्पुरत्या फायली आणि मागील विंडोजची प्रत यांतून अनेकदा कित्येक गीगाबाइट सुटतात. अद्ययावतीकरण एकदा अयशस्वी झाले असेल तर त्याने उतरविलेल्या फायलीही तशाच पडून असतात आणि दुसऱ्या प्रयत्नाला जागा आणखी कमी पडते. म्हणून ‘पुन्हा प्रयत्न करा’ ही कळ वारंवार दाबण्यापूर्वी ही सफाई करणे इष्ट.

या साधनाच्या यादीवर मात्र एकदा नजर फिरवावी. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० आवृत्तीत ‘डाउनलोड्स’ फोल्डरही या यादीत समाविष्ट करण्यात आला होता. सर्व चौकोनांवर खूण करण्याची सवय असलेल्यांच्या स्वतःच्या फायली त्यामुळे पुसल्या जाण्याचा धोका होता. पुढे २०२० मध्ये तो यादीतून काढण्यात आला. विंडोजच्या नव्या ‘स्टोरेज’ मांडणीत ‘डाउनलोड्स’चा पर्याय आजही असल्याने तेथेही हीच दक्षता घ्यावी.

दुसरी मोठी फाइल हायबरनेशनची असते. तिचा आकार संगणकाच्या स्मृतीच्या प्रमाणात असतो. हायबरनेशन तात्पुरते बंद केल्यास ती नाहीशी होते. अद्ययावतीकरणानंतर ते पुन्हा सुरू करता येते. सिस्टिम रिस्टोअरचे जुने बिंदूही बरीच जागा अडवितात. विंडोज १० आणि ११ मध्ये जागा कमी पडल्यास बाहेरील यूएसबी साठवण तात्पुरती वापरण्याची सोय आहे. लहान साठवणीच्या लॅपटॉपसाठी हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग होय.

एवढे करूनही भागत नसेल तर सी ड्राइव्ह वाढवावा लागतो. येथे बहुतेकांची फसगत होते. डी ड्राइव्ह लहान करून मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडता येईल, असे वाटते. परंतु विंडोजचे साधन कप्पा वाढविताना त्याच्या लगेच उजवीकडील मोकळी जागाच घेऊ शकते. डी ड्राइव्ह लहान केल्यास जागा सुटते ती डीच्या शेवटी, म्हणजे सीपासून दूर. त्यामुळे सी ड्राइव्ह वाढविण्याचा पर्याय निष्क्रियच दिसतो. डी ड्राइव्हमधील सर्व फायली बाहेर काढून, तो कप्पा रद्द करून, मग सी वाढविणे हा एक मार्ग. कप्पे सरकविणारे स्वतंत्र साधन वापरणे हा दुसरा. दोन्हींत वीज गेली किंवा चूक झाली तर फायली जाऊ शकतात. म्हणून बाहेर ठेवलेली प्रत उघडून पाहिल्याशिवाय यांपैकी काहीही करू नये.

पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली बसविताना आणखी एक फसवा प्रकार दिसतो. १६ गीगाबाइटचा पेन ड्राइव्ह रिकामा असूनही मोठी फाइल त्यावर उतरत नाही. पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने सिद्ध केलेला असेल, तर चार गीगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही. ही जागेची नव्हे, मांडणीची मर्यादा आहे.

लिनक्सवरील उपाय

बॉस, डेबियन, उबुंटू यांसारख्या प्रणालींमध्ये उतरविलेली पॅकेजे एका साठ्यात जमा होत राहतात. ‘एप्ट क्लीन’ या आज्ञेने तो साठा रिकामा होतो. बसविलेल्या कार्यक्रमांना त्यामुळे धक्का लागत नाही. ‘एप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा गरज उरली नाही अशी पॅकेजे काढते. त्यांत कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, जुन्या आवृत्त्याही असतात.

‘बूट’ हा स्वतंत्र कप्पा असल्यास बहुधा तोच प्रथम भरतो. प्रत्येक अद्ययावतीकरणाबरोबर नवा कर्नेल तेथे येऊन बसतो आणि जुने तसेच राहतात. कर्नेल आणि त्याच्या सोबतच्या फायलींचा आकारही वाढला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या मार्गदर्शिकेत ‘बूट’ कप्पा किमान ७६८ मेगाबाइटचा असावा आणि त्यात सुमारे ३०० मेगाबाइट मोकळे असावेत, अशी शिफारस आहे. जुने कर्नेल काढताना सध्या चालू असलेला कर्नेल कोणता, हे ‘यूनेम’ या आज्ञेने ‘आर’ पर्यायासह पाहून घ्यावे. फायली हाताने पुसण्याऐवजी पॅकेज व्यवस्थेमार्फतच कर्नेल काढावेत.

कधी कधी ‘डीएफ’ जागा शिल्लक दाखविते, तरी प्रणाली ‘जागा नाही’ म्हणते. याची दोन कारणे संभवतात. लिनक्सच्या प्रचलित ‘एक्स्ट’ मांडणीत मूळ क्षमतेच्या पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखीव असते. ती सामान्य वापरकर्त्याला मिळत नाही. दुसरे कारण फायलींच्या संख्येचे. या मांडणीत प्रत्येक फाइलीसाठी एक नोंद लागते आणि नोंदींची संख्या आरंभीच ठरलेली असते. लाखो बारीक फायली साचल्या तर जागा उरते, पण नोंदी संपतात. ‘डीएफ’ ही आज्ञा ‘आय’ पर्यायासह दिल्यास हे कळते.

हा नोंदींचा प्रकार किरकोळ वाटेल. पण त्याच्या जवळच्या एका दोषाने नासाचे ‘स्पिरिट’ हे मंगळावरील यान संकटात सापडले होते. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या या यानाचा २१ जानेवारी रोजी पृथ्वीशी नियमित संपर्क तुटला. यान पुन्हा पुन्हा स्वतःला बंद करून सुरू करीत होते. प्रवासात आणि उतरल्यानंतर साचलेल्या फायलींची संख्या इतकी झाली होती की त्यांची यादी सांभाळण्यासाठी दिलेली स्मृती संपली होती. तज्ज्ञांनी ती साठवण वगळून यान सुरू केले, नको असलेल्या फायली काढल्या आणि फेब्रुवारीत ती साठवण नव्याने सिद्ध केली. त्यानंतर ‘स्पिरिट’ने २०१० पर्यंत माहिती पाठविली. तेथेही आधी शोधले गेले ते नेमके काय भरले आहे, हेच.

मॅकवरील एक धडा

अद्ययावतीकरण सुरू होण्यापूर्वी प्रणाली स्वतः जागा तपासते, असे गृहीत धरले जाते. अ‍ॅपलच्या ‘बिग सर’ या नोव्हेंबर २०२० मधील आवृत्तीने हे गृहीतक खोटे ठरविले. तिला ३५.५ गीगाबाइट मोकळी जागा लागत होती. परंतु पुरेशी जागा नसतानाही ती बसविण्याचे काम सुरू होई आणि अर्ध्यावर अडकून पडे. संगणक ना जुन्या प्रणालीत परते, ना नव्यात जाई. फायलींची अन्यत्र प्रत नसलेल्यांसमोर त्या गमावण्याचा प्रसंग उभा राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुरुस्त आवृत्ती देण्यात आली. जागेची खात्री यंत्रावर न सोपविता स्वतः करून घ्यावी, हा त्याचा धडा.

काय करू नये

विंडोज व लिनक्स एकत्र असलेल्या संगणकावर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये अक्षर किंवा नाव नसलेला मोठा कप्पा दिसतो. तो वाया गेलेला समजून रद्द करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. जुन्या दुहेरी मांडणीत संगणक सुरू होताना दोन प्रणालींतून निवड करण्याची सोय लिनक्सचा आरंभ-कार्यक्रम देतो आणि त्याच्या फायली त्याच कप्प्यात असतात. कप्पा गेला की विंडोज सुरक्षित असूनही संगणक काळ्या पडद्यावर थांबतो. तसेच ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा प्रश्न विंडोजने विचारला, तर होकार देऊ नये. त्याचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नसतो. विंडोजला ती वाचता येत नाही, एवढाच असतो.

‘विंडोज’ किंवा ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरांतील फायली आकार पाहून हाताने पुसू नयेत. कार्यक्रम काढायचा असल्यास तो ‘अनइन्स्टॉल’ करावा.

जागा वाचविण्यासाठी केलेली व्यवस्थाही कधी अंगलट येते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची नवी आवृत्ती देण्यास सुरुवात झाली आणि काही वापरकर्त्यांच्या फायली नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या. ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळविलेले, पण काही फायली मूळ जागीच राहिलेल्या, असे हे संगणक होते. नव्या आवृत्तीने मूळ जागेचे फोल्डर निरुपयोगी समजून काढून टाकले. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वितरण थांबविले आणि दुरुस्तीनंतर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू केले. फोल्डर डी ड्राइव्हवर वळविलेल्या वाचकांनी जुन्या जागी काही उरले आहे का, हे अवश्य पाहावे.

मोठ्या यंत्रणाही थांबतात

अपुऱ्या जागेचा फटका केवळ घरगुती वापरकर्त्यांना बसतो असे नाही. २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटा कंपनीचे जपानमधील सर्व १४ कारखाने बंद राहिले. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरवर २७ ऑगस्ट रोजी देखभालीचे नियमित काम झाले होते. साठलेली माहिती काढून नीट लावताना डिस्कची जागा कमी पडली आणि यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हर होते; परंतु तेही त्याच व्यवस्थेवर चालत असल्याने त्यांच्यावरही तोच दोष उद्भवला. अधिक क्षमतेच्या सर्व्हरवर माहिती हलविल्यानंतर दुसऱ्या दिवशी उत्पादन सुरू झाले. हा सायबर हल्ला नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले.

सफाई करण्यासाठीही थोडी मोकळी जागा लागते आणि एकाच ठिकाणी ठेवलेली पर्यायी व्यवस्था ऐनवेळी पर्याय ठरत नाही. या दोन्ही गोष्टी घरच्या लॅपटॉपलाही तंतोतंत लागू आहेत.

जागा करूनही प्रश्न सुटत नाही तेव्हा

काही संगणकांच्या बाबतीत जागा हा शेवटचा अडथळा नसतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ६४ गीगाबाइट साठवणीखेरीज ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सोय आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. तमिळनाडूच्या योजनेतील आरंभीच्या वर्षांचे लॅपटॉप या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर विंडोज ११ साठी छायाचित्रे पुसून जागा करणे व्यर्थ आहे. आधी यंत्र नव्या आवृत्तीस पात्र आहे का, हे पाहावे आणि मगच जागेचा विचार करावा.

तथापि, याच लॅपटॉपच्या दुसऱ्या कप्प्यात एक मार्ग आहे. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, तेव्हा तमिळनाडू शासनाने आपल्या विभागांना बॉस लिनक्सकडे वळण्याची सूचना केली होती. आजही ६४ बिट प्रोसेसर असलेल्या जुन्या संगणकावर हलक्या स्वरूपातील लिनक्स चालविता येते आणि तिला सुरक्षा सुधारणाही मिळत राहतात. ३२ बिट प्रोसेसर असल्यास निवड मर्यादित होते, कारण डेबियनने १३ व्या आवृत्तीपासून अशा संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली आहे.

मार्ग कोणताही निवडला तरी पूर्वतयारी तीच राहते. महत्त्वाच्या फायली यंत्राबाहेर ठेवाव्यात आणि ती प्रत उघडून पाहावी. नव्या आवृत्तीच्या किमान गरजा वाचाव्यात. प्रत्येक कप्प्यातील शिल्लक जागा तपासावी. लॅपटॉप वीजपुरवठ्याला जोडून ठेवावा आणि काम पूर्ण होईपर्यंत तो बंद करू नये. शाळेचा प्रकल्प, गुणपत्रिका आणि घरातील लग्नाची छायाचित्रे ज्या डिस्कवर आहेत, तिच्यावरील ‘जागा नाही’ हा संदेश पुसण्याची आज्ञा नव्हे. आधी शोधा, असे तो सांगत असतो.